काळ्या प्लास्टिकमधला निकाल

सेंट ओथमार गावात लिअँडर थीलनबद्दल दोन मतं होती. सोमवार ते शुक्रवार त्याच्याइतका तीक्ष्ण नजरेचा माणूस नाही, आणि रविवारी दुपारी त्याच्याइतका आंधळा नाही.

आठवडाभर तो शाळेची पिवळी बस चालवायचा. डोक्यावरच्या रुंद आरशात त्याला मागच्या बाकापर्यंतचं सगळं राज्य दिसे. कोण कुणाच्या वेणीला च्युइंगगम लावतंय, कोण कुणाचा डबा खातंय, कोण खिडकीतून जीभ काढतंय, सगळं मान न वळवता. "कर्ट, तो बेडूक खिशात तरी ठेव नाहीतर त्याच्यासकट खाली उतर," असं तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचा आणि मागे चिडीचूप व्हायचं. गावातली निम्मी माणसं त्याच्या बसमधून शाळेत गेलेली. पण रविवारी तोच लिअँडर निळा सदरा चढवून, तोंडाला जाळी लावून बेसबॉलचा अंपायर म्हणून कॅचरच्या पाठीशी वाकून उभा राहिला, की याच पोरांची, ज्यांना आता दाढ्या फुटल्या होत्या, पक्की खात्री पटायची की या म्हाताऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

"मिस्टर थीलन, डोळे घरी विसरलात का?"

"नाही रे, कोटाच्या खिशात आहेत. तुला हवेत का? तुझी बॅट चेंडूला लागत नाही म्हणून विचारतो."

शिव्या खाण्यात त्याला एक प्रकारचं सुख होतं. ज्याला शिव्या पचत नाहीत त्यानं अंपायर होऊ नये, दुधाचं दुकान घालावं, असं तो म्हणे. एका रविवारी तर पठ्ठ्या गाडीतून उतरला तो आंधळ्याची पांढरी काठी घेऊनच. ठक ठक करत, धावणाऱ्यानं शेवटी जिथे पोचायचं त्या होमच्या पाटीपर्यंत गेला, काठीनं पाटी चाचपली, टोपी काढून बाकांना नमस्कार केला आणि म्हणाला, "करा सुरुवात." लोक इतके हसले, की त्या दिवशी शिव्या द्यायचं कुणाला सुचलंच नाही. घरी येऊन तो बायकोजवळ, डेल्फीनजवळ, कुरकुरला, "आज काही मजा आली नाही बुवा."

सगळं सुरळीत चाललं असतं. पण दोन हजार नऊच्या जूनमध्ये व्हर्जिल हॉकर्टच्या बायकोनं, मार्लिसनं, कॅमेरा घेतला.

व्हर्जिल गावचा खाटीक आणि बेसबॉल मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या धुरीघरातली सॉसेज म्हणजे सेंट ओथमारचा अभिमान. ती कशी करतात हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याचा मुलगा कर्ट, म्हणजे बेडूकवाला, संघातला सगळ्यात वेगवान धावणारा. त्या रविवारी कर्ट तिसऱ्या बेसवरून होमकडे सुसाट निघाला, घसरत आला, धुळीचा लोट उठला, कॅचरनं त्याच्या अंगाला चेंडू टेकवला, आणि लिअँडरनं मूठ वर केली. "आउट!"

मार्लिस हॉकर्टच्या कॅमेऱ्यात मात्र कर्टचा बूट आधी पाटीला लागलेला दिसत होता. निदान व्हर्जिलला तरी दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून दुकानात जो कोणी येईल त्याला मांस तोलून दिलं, की तो काउंटरखालून कॅमेरा काढायचा. "थांब जरा, हे बघून जा." आगपेटीएवढ्या पडद्यावर मुंगीएवढा कर्ट घसरायचा. "दिसलं? सेफ की नाही?" हातात अर्धा किलो खिमा धरून उभं राहिलेलं गिऱ्हाईक काय म्हणणार? "सेफ," म्हणायचं आणि सुटायचं.

लिअँडर वरवर हसला, पण ही गोष्ट त्याच्या जिवाला लागली. शिवी वेगळी आणि पुरावा वेगळा. शिवीला उत्तर देता येतं. गाडीचे टायर बदलायला चाललोय असं सांगून तो एका दुपारी शहरात गेला आणि डोळ्यांच्या डॉक्टरसमोर बसला. डॉक्टरनं झाडून सगळी अक्षरं वाचून घेतली, डोळ्यांत उजेड पाडला आणि म्हणाला, "वयाच्या मानानं उत्तम." लिअँडरला हायसं वाटलं. पण परतीच्या वाटेवर त्याच्या मनात आलं, डोळे चांगले आहेत म्हणजे आजवरच्या चुकांचं खापर फोडायला आता डोळेही उरले नाहीत.

"टायर कसे आहेत?" डेल्फीननं विचारलं.

"उत्तम. वयाच्या मानानं."

डेल्फीननं खिडकीतून गाडीच्या जुन्याच टायरांकडे एकदा पाहिलं आणि सूप वाढलं.

जुलैत अग्निशमन दलाच्या शेडमध्ये मंडळाची सभा भरली. लाल बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. व्हर्जिल उभा राहिला. आदल्या वर्षी मोठ्या लीगनं होमरनपुरता का होईना, पडद्यावर बघून निकाल द्यायला सुरुवात केली, हे त्यानं सांगितलं. "त्यांना लाज वाटली नाही, मग आपल्याला कशाची? सत्य ते सत्य. कर्ट माझा मुलगा आहे म्हणून म्हणत नाही."

"मुळीच नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

गावच्या चर्चचे फादर एमरिक खाकरले. ते बेसबॉलचे भक्त. पण चर्च सगळ्यांचं म्हणून आपण कुठल्याच संघाचे नाही, असं ते दर रविवारी आवर्जून सांगत. "माणूस चुकतो," ते म्हणाले. "चुकला तर क्षमा करावी. पाप कबूल करायला येणाऱ्याला मी, थांब, आधी पडद्यावर बघू, असं म्हणत नाही."

"फादर, तुम्ही म्हणाला असता तर कबुल्या थोड्या खऱ्या झाल्या असत्या," व्हर्जिल म्हणाला आणि शेड खदखदली.

म्हातारी हिल्डगार्ड विणता विणता म्हणाली, "निकाल बरोबरच यायला लागले, तर हिवाळाभर बोलायचं तरी कशावर? घराबाहेर बर्फ, घरात नवरा."

मग सगळ्या माना लिअँडरकडे वळल्या. तो भांडेल, चिडेल, तोंडावरची जाळी फेकून निघून जाईल, अशी लोकांची अपेक्षा होती. काहीजण त्यासाठीच आले होते. लिअँडर सावकाश उठला.

"माझा पाठिंबा आहे," तो म्हणाला.

"काय?" व्हर्जिलच्या भाषणाची हवाच गेली.

"इतकी वर्षं ऐकतोय की मी चुकतो. मलाही एकदा बघायचंय. पण माझ्या दोन अटी. मी एकट्यानं आत जाऊन बघायचं नाही. तसं केलं तर बाहेर येऊन मी काहीही सांगितलं असं तुम्ही म्हणाल. जे बघायचं ते सगळ्यांनी मिळून, मोठ्या पडद्यावर. आणि तुकडा कापून दाखवायचा नाही. चेंडू हातातून सुटण्याआधीपासून धूळ खाली बसेपर्यंत, पूर्ण, आणि सावकाश."

"मंजूर!" व्हर्जिल ओरडला. "याहून पारदर्शक ते काय!"

त्या रात्री डेल्फीननं विचारलं, "तुझ्या डोक्यात काय शिजतंय?"

"काही नाही. बसमध्ये मागच्या बाकावरच्या पोरांना नेहमी वाटतं की ड्रायव्हर फक्त रस्त्याकडे बघतोय," एवढंच बोलून त्यानं दिवा मालवला.

चर्चच्या उत्सवाचा रविवार ठरला, कारण त्या दिवशी डक लेकचा संघ येणार होता. डक लेक म्हणजे शेजारचं गाव, त्यामुळे अर्थातच पक्का वैरी. त्यांच्या संघाचा व्यवस्थापक सिल्व्हेस्टर ड्रॉप्स हाही खाटीकच. तो सॉसेजना हिरवा दोरा बांधायचा. त्या दोऱ्यावरून व्हर्जिल म्हणायचा, "त्यांच्या सॉसेजमध्ये चघळण्यासारखं तेवढंच असतं."

भर उन्हात पडद्यावर काय दिसणार? म्हणून सहलीच्या मंडपाला चहूबाजूंनी चाऱ्याच्या खड्ड्यावर घालतात तसलं काळं प्लास्टिक गुंडाळलं. आत शाळेचा प्रोजेक्टर ठेवला आणि मार्लिसची पलंगावरची चादर टांगली. चादरीवर फिकट गुलाब होते, पण दुसरी एवढी मोठी चादर गावात कुणाकडे नव्हती. कॅमेरे तीन. ते बसवायला लिअँडर स्वतः शिडीवर चढला. पहिल्या बेसकडच्या छपरावरचा कॅमेरा त्यानं बराच वेळ इकडे-तिकडे केला, डोळा लावून पाहिलं, पुन्हा केसभर हलवला. "होमची पाटी नीट मधोमध आली पाहिजे," तो वरून म्हणाला. आणि आलीही ती मधोमध. तिच्या पलीकडे, तारेच्या कुंपणामागे, व्हर्जिलची सॉसेजची शेगडी धुमसत होती.

सामना सुरू झाला. पहिली तक्रार लवकरच आली. पहिल्या बेसवर लिअँडरनं डक लेकच्या पोराला आउट दिलं. सिल्व्हेस्टरनं हात वर केला. सगळं पब्लिक काळ्या मंडपात शिरलं. आत भट्टीसारखं उकडत होतं, घामाचा, मोहरीचा आणि बिअरचा वास एकत्र झालेला. चादरीवर पोरगा धावला, गुलाबावरून उडी मारून बेसवर पोचला आणि मग, चांगला उशिरा, चेंडू आला. काही शंकाच नव्हती.

लिअँडर पडद्याजवळ गेला, टोपी काढली. "मी चुकलो," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "साफ चुकलो. सेफ!" आणि त्यानं दोन्ही हात असे झोकात पसरले, जणू बक्षीसच जाहीर करतोय. लोक गोंधळले. आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते ऐकल्यावर पुढे काय करायचं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकानं चुकून टाळी वाजवली.

दुसरी तक्रार व्हर्जिलची. डाव्या रेषेवर पडलेला चेंडू आत की बाहेर? चादरीवर चेंडू सावकाश खाली येत होता, पण त्याच्या मागे रोमन दिसला. रोमन म्हणजे व्हर्जिलचा मेहुणा. पाठ धरलीय म्हणून त्यानं सकाळी उत्सवाची टेबलं उचलायला नकार दिला होता. चादरीवर त्यानं बिअरचं भरलेलं पिंप खांद्यावर घेतलं आणि गाणं म्हणावं तशी मान डोलावत चालू लागला. सावकाश दाखवायचं ठरलेलं असल्यामुळे तो चालतही सावकाश होता. चांगला बराच वेळ.

"रोमन!" अंधारातून त्याच्या बायकोचा, बर्निसचा, आवाज आला. "ती टेबलं मी उचलली!"

"अगं, पिंपाला धरायला कड असते, टेबलाला..."

"घरी चल. दाखवते तुला कड."

चेंडू आत पडला की बाहेर, ते पाहायचं राहून गेलं. पुन्हा दाखवावं लागलं. रोमननं पुन्हा पिंप उचललं. बर्निस पुन्हा ओरडली.

तिसऱ्या वेळी कोपऱ्यात फादर एमरिक सापडले. डक लेकचा खेळाडू तिसऱ्या बेसपाशी पडला तेव्हा कुठल्याच संघाचे नसलेले फादर कुंपणाशी उभं राहून, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, नाकाला अंगठा लावून, बोटं नाचवून त्याला वाकुल्या दाखवत होते. काळा झगा वाऱ्यावर फडफडत होता. मंडपातली डक लेकची माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली.

"माशी होती," फादर म्हणाले.

"क्षमा केली, फादर," सिल्व्हेस्टर गंभीरपणे म्हणाला.

यानंतर मैदानावर एक चमत्कार घडला. लोक सरळ बसायला लागले. मोहरीचे हात पँटीला पुसणं बंद झालं. एका जोडप्यानं सोडलेले हात पुन्हा धरलेच नाहीत. जो तो खेळाकडे न बघता कॅमेऱ्यांकडे बघत होता. लिअँडर कॅचरच्या पाठीशी वाकून उभा होता. जाळीमागे त्याचा चेहरा कुणाला दिसत नव्हता, हे बरं होतं.

शेवटचा डाव आला. सेंट ओथमार एका धावेनं मागे, आणि आउट व्हायला एकच गडी उरलेला. कर्ट तिसऱ्या बेसवर. चेंडू टोलवला गेला, कर्ट सुटला, घसरला, तोच धुळीचा लोट, तोच कॅचर, आणि तीच लिअँडरची मूठ.

"आउट!"

"तक्रार!" शेगडीवरूनच व्हर्जिल गरजला. एप्रन तसाच ठेवून तो मंडपाकडे धावला. "आता बघा! आता दूध का दूध होतं की नाही ते बघा! मार्लिस, छपरावरचा लाव. सावकाश. अगदी सावकाश."

मार्लिसनं छपरावरचा लावला. होमची पाटी मधोमध आली. उजवीकडून कर्ट धावत येऊ लागला, आणि त्याच्या डोक्यावर, कुंपणामागे, स्वच्छ उन्हात, व्हर्जिल एका खोक्यावर वाकलेला दिसला. खोक्यावर मोठं बदक रंगवलेलं होतं. अख्ख्या परगण्यात बदकाची खोकी एकाच दुकानाची. कर्ट घसरायला लागला. पडद्यावरच्या व्हर्जिलनं पोराला पाहिलं, आनंदानं उसळला आणि दोन्ही हात आकाशाकडे फेकले. दोन्ही हातांत सॉसेजच्या माळा होत्या. माळांना हिरवा दोरा होता. सावकाश, अगदी सावकाश, त्या माळा त्याच्या डोक्यावरून झुलत राहिल्या.

"तो माझा दोरा आहे," अंधारात सिल्व्हेस्टर ड्रॉप्स म्हणाला. "अरे, तो माझा दोरा आहे!"

गावानं सकाळपासून व्हर्जिलच्या सॉसेजचं कौतुक करत बोटं चाटली होती. फादरांनी तर जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्यांचा खास उल्लेख केला होता. सगळे आपापल्या हातातल्या पावाकडे बघायला लागले.

"माझी संपली होती," व्हर्जिल पुटपुटला. "दुपारीच संपली. एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. मग माणूस पाठवून..."

"पाय कुठे होता?" लिअँडरनं मध्येच विचारलं.

"कुणाचा पाय?" दहाजण एकदम म्हणाले.

"कर्टचा. निकाल द्यायचाय ना. कुणी पाहिला?"

कुणीच पाहिला नव्हता.

"मग पुन्हा लावायला हवं. मार्लिस, मागे घे."

"नको!" व्हर्जिल किंचाळला.

"पुन्हा लावा!" सिल्व्हेस्टर म्हणाला. "मी तर म्हणतो, दोनदा लावा."

"तुला म्हणता येणार नाही, सिल्व्हेस्टर. तक्रार व्हर्जिलची आहे," लिअँडर शांतपणे म्हणाला. "बोल व्हर्जिल. सत्य ते सत्य. लावू?"

व्हर्जिलनं चादरीकडे पाहिलं. चित्र गोठून राहिलं होतं आणि तो तिथे गुलाबांमध्ये, दोन्ही हात वर करून, परक्याच्या सॉसेजसकट उभा होता. "माझी तक्रार मागे," तो म्हणाला.

"म्हणजे माझा निकाल?"

"कायम."

"मोठ्यानं बोल, मागच्यांना ऐकू आलं नाही."

"कायम, कायम, कायम! जा आता!"

सेंट ओथमार हरलं, पण त्याचं दुःख करायला कुणाला सवड नव्हती. डक लेकची माणसं विजयापेक्षा शेगडीभोवतीच जास्त नाचली. संध्याकाळी मंडपाचं प्लास्टिक कुणी सोडवलं ते कळलंच नाही, पण सोडवायला बरेच हात लागले असावेत. फादरांच्या झग्याला मंडप बांधायच्या दोऱ्यांचे तुकडे चिकटले होते.

दोन दिवसांनी व्हर्जिल लिअँडरच्या दारात आला.

"कॅमेरा तू मुद्दाम तिकडे वळवलास."

"मी होमकडे वळवला. होमच्या मागे तू होतास."

"तुला माहीत होतं?"

"शनिवारी संध्याकाळी रोमनची गाडी डक लेकच्या रस्त्यानं येताना दिसली. मागे खोकी होती. शाळेला सुट्टी असली तरी आरशात बघायची सवय जात नाही रे."

"दुपारीच संपली" म्हणणाऱ्या व्हर्जिलची खोकी आदल्याच दिवशी येऊन पडली होती. तो पायरीवर बसला. रागानं आला होता, पण त्याच्या मिशा थरथरायला लागल्या आणि हसू काही आवरेना. हसून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "खरं सांग. तू खाल्लीस ना? कशी होती? माझ्यापेक्षा..."

लिअँडरनं गंभीरपणे विचार केला. "धूळ फार होती, व्हर्जिल. मला नीट दिसलं नाही."

त्यानंतर आठवड्यानं मार्लिस छपरावरच्या कॅमेऱ्यातली ती फीत डेल्फीनकडे देऊन गेली, घरात ठेवायला नको म्हणून. लिअँडर गोठलेलं दूध वितळायची वाट बघणाऱ्या मांजरासारखा तिच्याभोवती फिरला, पण बघायचं धाडस त्याला होईना. शेवटी डेल्फीननं एकटीनं पाहिली. दार लावून.

"काय दिसलं?"

"कर्टचा पाय."

"आणि?"

"चांगला मोठा पाय आहे. आईवर गेलाय."

"डेल्फीन!"

"निकाल दिलास ना? मग झालं," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली. तो सगळा हिवाळा त्यानं तिला विचारण्यात घालवला. सूप ढवळताना विचारलं, बर्फ उपसताना विचारलं, नाताळच्या प्रार्थनेत चर्चमध्ये कुजबुजून विचारलं. ती फक्त हसायची. त्या हसण्यावरून तो एकदा आउट ठरवायचा, एकदा सेफ.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याचे गुडघे गेले. डोळे शेवटपर्यंत शाबूत राहिले, पण वाकता येईना. तोवर मोठ्या लीगमध्ये जवळजवळ सगळेच निकाल पडद्यावर बघायची सोय झाली होती. खानावळीतल्या टीव्हीसमोर बसून व्हर्जिल त्याला विरोध करायचा आणि लिअँडर बाजू घ्यायचा. "त्यांचं ठीक आहे," तो म्हणायचा. "त्यांची एकमेकांच्या शेजारी घरं नसतात."

गावच्या मैदानावर त्याच्या जागी टेस विमर आली. लहानपणी त्याच्याच बसमध्ये पुढच्या बाकावर बसून पुस्तक वाचणारी. लिअँडरला होममागच्या तारेच्या जाळीपलीकडे खुर्ची टाकून दिली होती. पहिल्या रविवारी तो गप्प बसला. दुसऱ्या रविवारी खाकरला. तिसऱ्या रविवारी टेसनं एक चेंडू बाहेर दिला आणि लिअँडर खुर्चीवरून अर्धा उठून ओरडला, "अगं बाई, तो चेंडू आत नव्हता तर मग मी तरी कुठे बसलोय?"

"मिस्टर थीलन, बसा."

"बसलोच आहे! गुडघे गेलेत! पण डोळे आहेत! तुला देऊ का एक?"

टेसनं तोंडावरची जाळी वर केली, त्याच्यापर्यंत चालत आली, कमरेवर हात ठेवून क्षणभर बघत राहिली आणि मग हात थेट फाटकाकडे फेकला. "बाहेर!"

लिअँडर उठला. काठी घेतली, टोपी काढून तिला झुकून नमस्कार केला आणि बाकांसमोरून, एकेका माणसाकडे बघत, मिरवत मिरवत निघाला. व्हर्जिलनं उभं राहून शिट्टी वाजवली. मग सगळेच उठले.

कुंपणापलीकडे गाडी आणून लावून डेल्फीन बसली होती. तो शेजारी चढून बसला, काच खाली केली आणि पुन्हा सामना बघायला लागला.

"बरं झालं, हाकललं ते," ती म्हणाली.

"बरोबरच केलं तिनं. अंपायर व्हायला जन्मलीय पोरगी." मग थोड्या वेळानं, काचेबाहेर मान काढत, "पण तो चेंडू आत होता."